बाबा, शिडीला हात लावू नका

पुणे,
२० एप्रिल

ती. बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं होतं. तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा काजूचा दर, दादाच्या मुलांची परीक्षा आणि फणसाची भाजी एवढ्यावर बोलून ठेवून दिला. म्हणून पत्र. पत्रात तुम्ही मला मधेच थांबवू शकत नाही आणि मलाही आईचा आवाज ऐकून विषय बदलता येत नाही.

जानेवारीत मी ऑफिसच्या कामाला सोलापूरला जातेय म्हणाले, ते खरं नव्हतं. सोलापूरवरून पुढे विजापूर, तिथून बदामी. तीन दिवस मी तिथे कडे चढायला शिकत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला, "जेवलीस का गं?" तेव्हा माझ्या हातांना खडूची पांढरी पूड लागलेली होती आणि मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणाले. ते वाक्य तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आई, मला क्षमा कर.

आणि हेही आत्ताच सांगते, नोव्हेंबरपासून मी पुन्हा जाणार आहे. महिन्यातले दोन रविवार, शिकवणाऱ्यांबरोबर. पैसे भरून झालेत. मी परवानगी मागायला लिहीत नाहीये. मागितली असती तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि तुमचा शब्द मोडून जाणं मला जमलं नसतं.

तुम्ही का नाही म्हणाला असतात, ते मला माहीत आहे. पायरी आंब्यावरून तुम्ही पडलात ती दुपार मी विसरलेले नाही. तुम्हाला वाटतं मी लहान होते. आईने चुलीवर आटवायला ठेवलेला रस करपून काळा झाला होता, तो वास मला अजून आठवतो. त्यानंतर बाबा, पडवीतल्या खाटेवरून तुम्ही अंगणाकडे बघत असायचात आणि आपल्या घरात कोणीही झाडावर चढायचं नाही, हे न बोलता ठरून गेलं. मीही तीस वर्षं तसंच वागले. पुण्यात आकाशपाळण्यातसुद्धा बसले नाही.

मग हे कुठून सुचलं? मी पुन्हा एकटी राहायला लागले त्या वर्षी झोप अशी लागायचीच नाही, हे आईला ठाऊक आहे. ऑफिसातली एक मैत्रीण पावसाळ्यात मला कृत्रिम भिंतीवर घेऊन गेली. उंच भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पकडी बोल्टने बसवलेल्या. बाबा, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या पोलंडच्या मिरोस्लावने पंधरा मीटरची भिंत सव्वासहा सेकंदांच्या आत चढलेली तुम्ही टीव्हीवर पाहिली होती आणि मला मुद्दाम फोन केला होतात. तोच खेळ, पण आम्ही अगदी सावकाश चढतो. पहिल्या दिवशी मी चार मीटरवर अडकले. हातांची मनगटं ते कोपर दगड झाली, डावा पाय आपोआप वरखाली नाचायला लागला, थांबवता थांबेना. आई, या पाय उडण्याला चढणाऱ्या लोकांत शिलाई मशीनच म्हणतात. मला एकदम तुझं मशीन आणि पायडलवरचं तुझं पाऊल आठवलं. त्या रात्री मी आठ तास झोपले.

शिकवणाऱ्या सरांनी खाली उतरल्यावर सांगितलं, "तुम्ही हातांनी ओढताय. पायांवर उभ्या राहा. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा, बाकीचे तीन पक्के." बाबा, हे तर तुम्ही मला सहाव्या वर्षी सांगितलं होतंत! परसातल्या पेरूखाली उभे राहून तुम्ही ओरडायचात, "माकडासारखी नको, मुंगळ्यासारखी चढ. पाय बसल्याशिवाय हात सोडू नकोस." सरांचं बोलणं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दमल्यामुळे वाटलं.

आता दोराचं सांगते, कारण तुम्हाला तेच जाणून घ्यायचं असणार. झाडावर तुमच्या कमरेला दोर नव्हता. इथे दोराशिवाय पायाचा अंगठासुद्धा जमिनीवरून उचलू देत नाहीत. कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचं हार्नेस असतं, त्याला आठच्या आकड्यासारखी गाठ मारून दोर बांधतात. तो दोर वर पक्क्या केलेल्या धातूच्या कड्यांतून खाली येतो आणि खालच्या माणसाच्या हार्नेसवरच्या यंत्रातून जातो. मी वर गेले की तो ढिला दोर ओढून घेतो. याला बिले देणं म्हणतात. बिले देणाऱ्याचा खालचा हात दोरावरून कधीच, अगदी माशी बसली तरी, सुटायचा नाही हे आमच्याकडून पहिले दोन दिवस घोटून घेतलं. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ आणि बकल हाताने ओढून बघायचं. ज्या कॅरॅबिनरमधून, म्हणजे उघडता येणाऱ्या धातूच्या कडीतून, दोर जातो त्याच्यावर २२ केएन (किलोन्यूटन) असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे साधारण सव्वादोन हजार किलोचा ताण तो सोसतो. माझं वजन बासष्ट आहे.

माझा हात सुटला. बदामीत, दुसऱ्या दिवशी, आठ-नऊ मीटरवर. पोटात खड्डा पडला आणि पुढच्या क्षणी मी हातभर खाली लोंबकळत होते, कारण दोर थोडा ताणला जातो. खाली एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, माझ्याहून पंधरा किलोंनी हलकी. तिने मला धरून ठेवलं होतं आणि वर बघून म्हणाली, "ताई, घाई नाही. श्वास घ्या." मी कितीतरी वेळ तिथेच लाल दगडाला गाल टेकून राहिले. तो दगड उन्हाने कोमट झालेला असतो आणि त्यात वाळूचे कण चमकतात. पडल्यावर कोणीतरी धरतं, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं, बाबा.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, तुमच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाहीये. दोर वरून नसताना, स्वतःच तो खालून वर नेत चढतात, त्याला लीड म्हणतात. ते मी करत नाही आणि निदान वर्षभर करणार नाही. बाहेर हेल्मेटशिवाय कड्याखाली उभीसुद्धा राहत नाही. पावसात दगडाला हात लावायचा नाही, तेव्हा भिंत. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड दिसतो पोलादी, पण कितीतरी ठिकाणी सुटून हातात येतो, म्हणून प्रत्येक पकड आधी तळहाताने थोपटून बघायची. पोकळ वाजली की तिथे भार द्यायचा नाही. तुम्ही फणस थोपटता ना, तसंच.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहिते. राहायला स्वच्छ लॉज होतं, खोलीत आम्ही तिघी बायकाच, गरम पाणी सकाळ-संध्याकाळ. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. शेवटच्या दिवशी बनशंकरीला जाऊन तुझ्या नावाने ओटी भरली. देवळाबाहेर बायका टोपल्यांत भाकऱ्या आणि मडक्यांत दही घेऊन बसतात. त्यातल्या एकीने मला बळेच आणखी एक भाकरी वाढली, अगदी तुझ्यासारखी. हाताची कातडी सोलवटली होती, तर रात्री खोबरेल लावून झोपले. आता बरी आहेत बोटं. लग्नातली अंगठी चढताना बोटात ठेवत नाहीत, हे विचारशीलच, तर ती कधीचीच डब्यात आहे. त्यावरून रडू नकोस.

आणि बाबा, तुम्हाला बदामीचं तिसरं लेणं दाखवायचंय. चालुक्यांच्या मंगलेशाचा इ. स. ५७८ चा शिलालेख आहे तिथे. वर्गात तुम्ही चालुक्य शिकवायचात, पण स्वतः कधी गेला नाहीत. पायऱ्या आहेत, पण मधे बसत बसत होतील. आम्ही चढतो ते कडे लेण्यांपासून वेगळे, त्यामुळे तिथे मला चढताना बघायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आता माझं ऐका. काल दादा म्हणाला, तुम्ही शाकारणीला यंदाही स्वतः कौलांवर चढणार आहात. एकाहत्तराव्या वर्षी, सकाळची बीपीची गोळी घेऊन, लुंगी खोचून, कमरेला काही नाही. नाही बाबा. तुम्ही मला काळजीने ओरडणार असाल तर ओरडा, पण शिडीला हात लावू नका. आंबे झेल्याने काढा, वरचे राहिले तर पाखरांना राहू देत. आई, शिडी खोपीत टाक आणि कुलपाची किल्ली तुझ्या मिसरीच्या डबीत ठेव, तिथे ते शोधणार नाहीत. विहिरीकडच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या. चष्म्याचा नंबर तपासायला मी येईपर्यंत थांबू नका.

मी दहा मेच्या रातराणीने निघते, अकराला सकाळी घरी. कौलं मी चढवीन. दोर आणि हार्नेस बरोबर आणतेय, दुसरं टोक मागच्या फणसाच्या बुंध्याला बांधू. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसा आणि कुठलं कौल सरकलंय ते सांगा. मुंगळ्यासारखीच चढेन.

तुमची,
मनी