अकरावा खंड आणि माझी साठेबाजी

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर राहून गेले, त्याचा हिशेब तू प्रत्यक्ष भेटीत चुकता करशीलच. प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. लिहिण्याचे कारण वेगळे आहे. ते घरात सांगून उपयोग नाही, कारण आपण अनुवादायला घेतलेल्या ह्युएन त्सांगच्या प्रवासवृत्तान्ताच्या अकराव्या खंडापायी एखाद्याची झोप उडू शकते हे या घराला कधीच पटलेले नाही.

ज्या संस्थेच्या खात्यातून मी चिनी नियतकालिकांतील लेख वाचत असे, त्या संस्थेने वर्गणी भरणे थांबवले आणि एका सकाळी माझ्यापुढे नुसती कुलूपबंद पाटी आली. खरे तर दार त्याआधीच किलकिले झाले होते. चीनमधील प्रबंध आणि लेखांचे सर्वांत मोठे भांडार असलेल्या सीएनकेआयने एप्रिल 2023 पासून परदेशी वाचकांसाठी प्रबंध, परिषदांतील निबंध असे काही विभाग रोखून धरले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे, असे तू म्हणशील. मी सावध झालोही. पण सावध माणूस जे करतो तेच केले, म्हणजे दिसेल ते उतरवून घेत सुटलो.

मूळ ग्रंथाची काळजी नाही. तैपेईच्या सीबेटा या संस्थेने 1998 पासून चिनी बौद्ध वाङ्मय संगणकावर आणले. त्यांचा मुख्य आधार चिनी त्रिपिटकाची टोकियोची तैशो आवृत्ती आहे आणि तिच्या तळटिपांतले पाठभेदही त्यांनी सोडलेले नाहीत. सगळा संग्रह फुकट घरी नेता येतो. आपला प्रवासवृत्तान्त त्यात एक्कावन्नाव्या भागात, 2087 या क्रमांकावर आहे. वसतिगृहाच्या खानावळीत तू ताट बाजूला सारून म्हणाला होतास, की ‘उपकाराची फेड करणारे, अपमानाचा सूड घेणारे’ हे महाराष्ट्राचे वर्णन इंग्रजी अनुवादक बीलसाहेबाने 1884 मध्ये रंगवून लिहिले असणार. विनायक, ते मुळातच आहे, चार-चार अक्षरांच्या ठाशीव जोडवाक्यांत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवायचे आणि दोघांनी चिलखत चढवून मगच भिडायचे, हेही आहे. मात्र त्याच परिच्छेदात हे लोक गर्विष्ठ असल्याचे, हरलेल्या सेनापतीला शिक्षेऐवजी बायकी वस्त्रे दिली जात असल्याचे आणि लढाईआधी वीरांना व हत्तींना दारू पाजली जात असल्याचेही लिहिले आहे. जयंतीच्या भाषणांत यातले नेमके काय गाळले जाते हे तुला सांगायला नको. म्हणजे त्या रात्रीचे अर्धे भांडण तू हरलास आणि अर्धे जिंकलास. खानावळीचे बिल मात्र मीच भरले होते.

काळजी आहे ती ग्रंथाभोवतीच्या अभ्यासाची. राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी होती, एवढेच ह्युएन त्सांग सांगतो. मग पुलकेशीची ती राजधानी नाशिक मानायची की बदामी, या वादावर चिनी विद्वानांनी काय लिहिले ते वाचल्याशिवाय आपली तळटीप लंगडीच राहणार. चिनी विद्वान जी शियानलिन यांच्या मंडळाने 1985 मध्ये काढलेली या ग्रंथाची सटीप आवृत्ती यासाठी हवीच, आणि ती खुल्या संकेतस्थळांवर असायचे कारण नाही. ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’वर प्राचीन ग्रंथ हजारोंनी आहेत, शोधायची सोयही उत्तम आहे, पण तिथे बसून वाचायचे, पोती भरून न्यायची परवानगी नाही. उलट चिनी व्यक्तींच्या चरित्रांचा तो हार्वर्ड, पेकिंग विद्यापीठ आणि अकादमिया सिनिका यांचा पाच लाखांहून अधिक नावांचा कोश अख्खा उतरवून घेता येतो. हार्वर्ड आणि फुदानचा ऐतिहासिक नकाशाही मिळतो. इसवी सनापूर्वी 221 ते 1911 पर्यंतचे जिल्हे त्यात आहेत. आपल्या खंडाला त्याचा उपयोग शून्य, कारण तो नकाशा चीनची वेस ओलांडत नाही. तरीही घेतला. ही म्हणतेच, की तुमच्या सरांच्या घरी रद्दी होती, आमच्याकडे डिस्का आहेत.

साठवणे म्हणजे वाचणे नव्हे, हे तुझे पालुपद मला इथूनही ऐकू येते. पण चीनच्याच इतिहासाकडे पाहा. 1408 मध्ये पुरा झालेला योंगल विश्वकोश 11,095 खंडांचा होता आणि आज त्यातले जेमतेम चारशे उरले आहेत. अठराव्या शतकातल्या ‘सिकू छुआनशू’ या राजदरबारी ग्रंथसंग्रहाच्या मात्र सात हस्तलिखित प्रती करून सात ठिकाणी ठेवल्या होत्या; ताइपिंग बंडात दोन गेल्या, 1860 मध्ये उन्हाळी राजवाड्याबरोबर एक जळाली, तरी तैपेई, बीजिंग आणि लानचौ येथे पूर्ण प्रती राहिल्याच. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची संकेतस्थळे महिनोन्‌महिने कोलमडून पडली. चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांत सापडलेल्या पोथ्यांचे मोठे घबाड तिथेच आहे. ब्रिटनसाठी स्टाइन 1907 मध्ये आणि फ्रान्ससाठी पेलियो 1908 मध्ये तुनहुआंगहून पोथ्या घेऊन गेले. लंडन, पॅरिस, पीटर्सबर्ग अशा विखुरलेल्या त्या पोथ्यांना पडद्यावर एकत्र आणण्याचा प्रकल्प 1994 पासून चालला आहे. अशा कामालाही एका इमारतीच्या यंत्रांवर विसंबावे लागत असेल, तर जे घरी आणता येते त्यावरच मी भरवसा ठेवतो. तू याला म्हातारपणाचा हव्यास म्हण.

म्हणून एक काम सांगतो. निखिल सिंगापूरला आहे. तिथल्या एखाद्या ग्रंथालयात जी शियानलिन यांची आवृत्ती मिळाली, तर अकराव्या खंडातल्या महाराष्ट्रावरच्या टिपा त्याने बसून उतरवून आणाव्यात. त्याच खंडात दोन दगडी हत्ती आणि अर्हत अचलाने बांधलेला दरीतला विहार आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील लेखात ‘स्थविर अचल’ आहे, त्या जोडणीवर टीप असेल तर तीही हवी. त्याला चिनी येत नसले तरी पानांचे क्रमांक मी कळवीन.

सूनबाईंचे बाळंतपण नीट झाल्याचे कळले, फार आनंद झाला. नागपूरचे घर विकायचा निर्णय घाईने घेऊ नकोस, वहिनींचे ऐक.

अनुवादाचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. दुरुस्त्या लाल शाईने कर. गेल्या वेळची तुझी हिरवी शाई मला दिव्याखालीही वाचता आली नाही.

तुझा,
मधू