आठवड्यापुरते उद्दिष्ट : मित्रास पत्र

जिल्हा बीड,
नागपंचमीचा आदला दिवस

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या सोमवारी मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. चिरंजीव चौथीत गेला तरी अजून बोट ठेवून अडखळत वाचतो, वर्गात त्याची पाळी जवळ आली की पोटात दुखते असे सांगतो, आणि म्हणून तू त्याला ‘दिवाळीपर्यंत मराठीचे पुस्तक न अडखळता वाचून दाखव, सायकल घेऊन देतो’ असा शब्द दिला आहेस. त्यामागची तुझी काळजी मला कळते, कारण हीच चूक मी एकदा नऊ मुलांच्या बाबतीत एकदम करून बसलो होतो. सायकल तू अवश्य घ्यावीस, पण तिचा वाचनाशी संबंध जोडू नयेस आणि दिवाळी हा शब्द तर त्याच्यासमोर काढूच नयेस, एवढे सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे.

आमच्या शाळेची परिस्थिती तुला ठाऊक आहे. निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या येऊ लागतात आणि दिवाळीनंतर पटावर नावे असतात, पण बाके रिकामी असतात. काही मुले हंगामी वसतिगृहामुळे किंवा आजीच्या आधाराने गावात राहतात, बाकीची आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात. त्यामुळे जूनमध्ये मुले वाचनात कोणत्या पायरीवर आहेत हे नेमके पाहून घेणे मला भाग असते. त्यासाठी मी ‘असर’ या देशभरातील शैक्षणिक पाहणीतील साधी पद्धत वापरतो : मूल अक्षरे ओळखते का, सुटे शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद वाचते का आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. त्या वर्षी तिसरी-चौथीच्या माझ्या एकत्र वर्गातील तेवीसपैकी नऊ मुले शब्दांवर अडकलेली होती.

मी काय केले, तर रंगीत कार्डशीटचा एक मोठा तक्ता भिंतीवर लावला, त्यावर नऊ नावे लिहिली आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, ‘दिवाळीपर्यंत गोष्ट’. पहिला आठवडा उत्साहात गेला. नंतर माझ्या लक्षात आले की दर शनिवारी मी तक्त्यावर ठिपके लावतो आणि नेमक्या त्याच दिवशी दोन मुले शाळेत येत नाहीत. ठिपके कोणाचे मागे आहेत हे साऱ्या वर्गाला दिसत होते, आणि दिवाळी इतकी लांब होती की आज एक पान वाचल्याने आपण तिच्या किती जवळ गेलो हे त्या मुलांना कळायला काही मार्गच नव्हता.

दुसरी चूक याहून वाईट होती. लहान मुलांना वाचन आणि गणित पक्के यावे म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा ठेवलेली आहे. यातील ‘अर्थ समजून’ हे शब्द मी सोयीने विसरलो आणि मोबाइलवर वेळ लावून शब्द मोजू लागलो. मुले वाचेनाशी होऊन धावू लागली. एका मुलाने ‘शेतकरी’च्या जागी ‘शेजारी’ वाचले आणि न थांबता पुढे गेला, कारण थांबले तर वेळ जातो. वाचून झाल्यावर गोष्टीतल्या कोंबडीचे काय झाले असे मी विचारले, तेव्हा त्याने उत्तरासाठी पुस्तकाकडे न पाहता माझ्या हातातील मोबाइलकडे पाहिले. त्या दिवशी मी तक्ता काढून टाकला.

त्याच सुमारास एका जुन्या प्रयोगाची माहिती माझ्या वाचनात आली. अमेरिकेतील अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी तो १९८१ साली प्रसिद्ध केला होता. गणितात मागे असलेल्या, साधारण सात ते दहा वर्षांच्या मुलांना त्यांनी वजाबाकीची ४२ पाने सात बैठकांत सोडवायला दिली. काही मुलांना ‘प्रत्येक बैठकीत निदान सहा पाने’ असे सुचवले, काहींना ‘सातव्या बैठकीच्या अखेरीस सगळी ४२’ असे सांगितले आणि काहींना कोणतेच उद्दिष्ट दिले नाही. हिशेबाने पाहिले तर पहिली दोन उद्दिष्टे एकच आहेत. तरीही सहा पानांवाली मुले वजाबाकीत तर पुढे गेलीच, पण ‘हे मला जमते’ हा विश्वासही त्यांच्यातच सर्वांत जास्त आढळला, तर ४२ पानांवाल्यांना त्यांच्या उद्दिष्टाचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. हा प्रयोग वजाबाकीचा होता, वाचनाचा नव्हे, आणि आमची मुले अमेरिकेतील नव्हेत, हे मला मान्य आहे. पण माझा तक्ता म्हणजे ४२ पानांचेच उद्दिष्ट होते आणि तुझी दिवाळीही तेच आहे.

मग मी कागद बदलला. गावात लग्नपत्रिकांना तोटा नाही. त्यांची मागची कोरी बाजू कापून मी चिठ्ठ्या केल्या. दर सोमवारी प्रत्येक मुलाजवळ दोन-तीन मिनिटे बसायचे, ‘या आठवड्यात वाचताना तुला काय जमायला हवे?’ असे विचारायचे आणि त्याने सांगितलेले त्यालाच चिठ्ठीवर लिहायला लावायचे. चिठ्ठी त्याच्या पुस्तकात राहते, भिंतीवर जात नाही. माझ्या अटी दोनच : शनिवारी ते झाले की नाही हे त्याचे त्याला कळले पाहिजे, आणि ते दुसऱ्या मुलाच्या पुढे जाण्याविषयी नसावे. सुरुवातीला मुले माझ्या तोंडाकडे पाहून ‘हुशार होईन’, ‘चांगले वाचेन’ असेच काही लिहीत. एका चलाखाने ‘रोज एक अक्षर वाचेन’ असे लिहून सहा दिवस ते प्रामाणिकपणे पाळलेही. हळूहळू मात्र त्यांना स्वतःची अडचण नावाने सांगता येऊ लागली. एक मुलगी ‘र’ने हैराण होती, कारण सूर्य, चक्र, ट्रक आणि पुऱ्या या चार शब्दांत तो चार वेगवेगळ्या रूपांत येतो, तिने दर आठवड्याला एक रूप घेतले आणि महिनाभर ती शाळेच्या पाट्यांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत ‘र’ शोधत फिरत होती. दुसऱ्याने लिहिले, ‘पूर्णविराम आला की थांबीन.’ वाचायला बसला की धापा टाकणाऱ्या त्या मुलासाठी हे उद्दिष्ट मलाही सुचले नसते.

एका मुलाचे मात्र तुला सविस्तर सांगायला हवे. त्याने पहिल्याच सोमवारी लिहिले, ‘मुकादमाची वही वाचायची.’ मी क्षणभर गप्प झालो. त्याच्या बापाने मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली; ती किती फिटली आणि किती राहिली हे त्या वहीत असते आणि घरात कोणालाच ती वाचता येत नाही. हे आठवड्याचे उद्दिष्ट नव्हते, पण ते मोठे आहे म्हणून खोडायचे धाडस मला झाले नाही. मी त्याला विचारले, त्या वहीत कोणते शब्द असतील? दोघांनी मिळून यादी केली : नाव, उचल, टन, बाकी, रक्कम, शिल्लक, हप्ता, खर्च. या आठ शब्दांत चार जोडाक्षरे आहेत आणि तो नेमका जोडाक्षरांवरच अडकलेला होता. पहिल्या आठवड्यात ‘रक्कम’ आणि ‘शिल्लक’ यांच्यासारखे, एकच अक्षर दोनदा जोडलेले शब्द घेतले. पक्का, हल्ला, कच्चा असे आणखी शब्द त्यानेच गोळा केले. दुसऱ्या आठवड्यात ‘हप्ता’ आणि तिसऱ्यात ‘खर्च’मधील रफार घेतला. पाठ्यपुस्तकाने जे दोन वर्षांत त्याच्या गळी उतरले नव्हते ते मुकादमाने उतरवले.

दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर फडावर गेला. जाताना मी त्याला एक गोष्टीचे पुस्तक आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, चैत्रात तो परत आला तेव्हा त्यातल्या दोनच चिठ्ठ्या लिहिलेल्या होत्या; बाकीच्या फडावरच्या झोपडीत, कोपीत, कोठे गेल्या हे त्यालाही माहीत नव्हते. एरवी फडावरून परतलेले मूल एक-दोन पायऱ्या खाली घसरलेले असते. हा मात्र जाताना परिच्छेदावर होता आणि परत आला तेव्हाही तेथेच होता. याचे श्रेय चिठ्ठ्यांना द्यावे की वहीला की त्याच्या जिद्दीला, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

अपयशाचेही सांगतो. एका मुलीची उद्दिष्टे सलग तीन आठवडे चुकली. मी ती लहान करत गेलो, वर जरा नाराजीही दाखवली. चौथ्या आठवड्यात लक्षात आले की ती पुस्तक नाकाला लावून वाचते आणि फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवते. तिला चष्म्याची गरज होती, माझ्या चिठ्ठ्यांची नव्हे. तेव्हापासून उद्दिष्ट सलग तीनदा चुकले तर चूक माझी आहे असे मी धरून चालतो. म्हणून इतर काही करण्यापूर्वी चिरंजीवाचे डोळे आणि कान तपासून घे. ते ठीक असूनही काही महिन्यांत फरक पडला नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला संकोच करू नकोस.

आता तुझ्या घरचे पाहू. दिवाळीचा शब्द मागे घेताना त्याला असे वाटता कामा नये की तुझ्याच्याने होणार नाही म्हणून बाबांनी सोडून दिले. ‘माझाच हिशेब चुकला’ असे मोकळेपणाने सांग. पुस्तक त्याला निवडू दे आणि ते चौथीचेच असावे असा हट्ट धरू नकोस. एका पानावर चार-पाचांहून अधिक शब्द अडत असतील तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेव. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक असतील तर उत्तम, नाहीतर क्रिकेटचे पान चालेल, त्याला त्याचे वेड आहे असे वहिनी म्हणत होत्या. संध्याकाळी दहा मिनिटे पुरेत. आधी एक परिच्छेद तू वाच, मग तोच त्याला वाचू दे. अडला तर लगेच शब्द सांगू नकोस, मनात पाचपर्यंत मोज. जमले तर ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी त्याने काय केले ते सांग, उदाहरणार्थ, ‘‘महाराष्ट्र’ तू तोडून तोडून वाचलास.’ शनिवारी चिठ्ठीवरचे झाले नसेल तर रागावू नकोस. उद्दिष्ट मोठे होते की आठवड्यात बसणेच झाले नाही, एवढे दोघांनी ठरवा आणि नवी चिठ्ठी लिहा. शक्य असेल तर एक चिठ्ठी तुझ्या नावाचीही असू दे. मोबाइल आल्यापासून तू पुस्तक हातात धरलेले नाहीस हे तूच मागे लिहिले होतेस, आणि तुझे उद्दिष्ट चुकलेले पाहायला मिळाले तर त्याला फार बरे वाटेल. सायकल त्याच्या वाढदिवसाला घे.

येत्या सोमवारी त्याच्याजवळ बसून विचार आणि तो जे लिहील ते मला जसेच्या तसे कळव. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर तसेच राहू दे.

वहिनींना सादर नमस्कार, चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझाच,
मित्र