गणिताच्या तासालाही वाचू द्या

महोदय,

गणित-विज्ञानाच्या तासाला अवांतर वाचन म्हणजे वेळ वाया घालवणं, असं सांगणारा कालचा लेख वाचला. वाचनासाठी मराठीचा तास आहे, असं लेखक म्हणतात. मला हे अजिबात पटलं नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीआधी आपल्याच रविवारच्या पुरवणीत द. रा. कापरेकरांविषयी लेख आला होता. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेला हा माणूस ६१७४ या आकड्यामुळे जगाला माहीत झाला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तराचं पुन्हा तेच करायचं. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतंच.

पोरीनं आपलं जन्मसाल घेतलं, २०१२. २२१० वजा ०१२२, आले २०८८. ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४! "बाबा, आलं नं!" म्हणून ओरडलीच. मग माझं साल, १९८१. त्याला पाच वजाबाक्या लागल्या. आजीला जन्मसाल माहीत नाही, म्हणून तिच्या रेशनकार्डावरचे शेवटचे चार आकडे घेतले. हातच्याची वजाबाकी म्हटली की जिच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्या माझ्या पोरीनं त्या संध्याकाळी वहीची तीन पानं भरली.

दुसऱ्या दिवशी कात्रण आणि वही घेऊन ती शाळेत गेली. परत आली तेव्हा तिन्ही पानांवर लाल पेनाची तिरपी रेघ होती आणि खाली शेरा, 'अभ्यासक्रमाबाहेरचे'. कात्रण सरांनी ठेवून घेतलं, ते अजून मिळालं नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा, ऑनलाइन माहिती भरणं, यात मास्तर लोकांचा जीव जातो, हे मला दिसतं. पण दोन मिनिटं थांबून वर्गाला एक संख्या करायला सांगितली असती, तर वजाबाकीचा सराव तरी झाला असता ना?

आणि वाचन नको म्हणता, तर शाब्दिक उदाहरणं पोरं सोडवणार कशी? गुणाकार येतो, पण उदाहरण काय विचारतंय तेच कळत नाही, अशी मुलं आमच्या गावात घरोघरी आहेत. मोठ्यांचंही तेच. कीटकनाशकाच्या डब्यासोबत माहितीचा कागद येतो. अक्षर बारीक, मात्रा हेक्टरी, आमचं वावर एकरात, पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर हे ठाऊक असूनही तो हिशेब करताना मी अडकतो आणि शेवटी कृषी केंद्रवाला सांगेल तितकी झाकणं ओततो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. त्याची कारणं अनेक होती, सगळं खापर वाचनावर फोडत नाही. पण डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष, हे विज्ञानाच्या तासाला तो कागद वाचून पोरांना कळलं, तर ती घरी येऊन बापाला टोकतील.

शाळेत पुस्तकं नाहीत असंही नाही. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत, कुलूपबंद. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून चावी कुणी काढत नाही. आठवड्यातून एकदा, एका तासाची शेवटची दहा मिनिटं ते कपाट उघडा, एवढंच मागणं आहे.

एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. कापरेकरांचा लेख आला ते विज्ञानाचं पान दिवाळीनंतर बंद झालं. त्या जागी आता जाहिराती येतात. आमच्या गावात अंक एसटीनं दुपारी पोचतो, तरी पोरगी रविवारी स्टँडवर जाऊन उभी राहायची. ते पान पुन्हा सुरू करावं. आणि शक्य असेल तर तो लेख पुन्हा छापावा, तिचं कात्रण गेलं आहे.

आपला,
एक पालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ