कार्डाचे ‘दोन टक्के’ बिलात का नाहीत?

गेल्या आठवड्यात आईसाठी ३० हजारांचा फ्रिज घेतला. भाव ठरला, पण क्रेडिट कार्ड पाहताच दुकानदार म्हणाला, “दोन टक्के जादा पडतील.” म्हणजे ६०० रुपये, तेही बिलात न दाखवता! बँक दुकानदाराकडून शुल्क कापते आणि छोट्या दुकानाला ते टोचते, हे मान्य. पण डेबिट कार्डाचे शुल्क ग्राहकाच्या माथी मारले जाऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना बजावले; रुपे डेबिट कार्डावर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला हे शुल्कच नाही. क्रेडिट कार्डाच्या शुल्काला मात्र मर्यादाच नाही. ती रिझर्व्ह बँकेने घालावी. तोवर दुकानांनी जादा आकार दारावरच ठळक लिहावा आणि बिलातही दाखवावा.

– एक ग्राहक, सांगली