सूचना : रविवारी गोविंदराव टेंबे यांच्या चाली ऐकायच्या आहेत

सभासदांनो, नमस्कार. रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमूया. 'संगीत मानापमान'ची (१९११) पदं खाडिलकरांची, चाली टेंब्यांच्या. ठुमरीचा तो बाज त्यांनी मराठी नाटकात आणला आणि तो आजही कानाला ताजाच लागतो. पुढे 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात (१९३२) संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच!

घरी जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकड्या असतील त्यांनी आठवणीने आणाव्यात. लाखेच्या असतात, पडल्या की संपल्या. पिशवीत उभ्या ठेवा, कडेने धरा, खाचांना बोट लावू नका. एक बाजू जेमतेम तीन मिनिटं वाजते आणि प्रत्येक बाजूला नवी पिन लागते. पिना मंडळाकडे आहेत. तबकडी वाजताना मोबाइल बंद ठेवावेत, ही कळकळीची विनंती.