आत्याचा कर्करोग अर्जात का येत नाही?

संपादक महोदय,

ऑक्टोबर आला की घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांपासून नेरुळ-खारघरपर्यंत गुलाबी फिती लागतात आणि स्तनकर्करोग तपासणीची शिबिरे भरतात. ती भरलीच पाहिजेत. देशात वर्षाला १ लाख ९० हजारांहून अधिक स्त्रियांना हा आजार नव्याने होतो, असा जागतिक अंदाज आहे. आक्षेप आहे तो नोंदणीच्या अर्जाला. आनुवंशिकतेसाठी त्यात बहुधा एकच ओळ असते: ‘आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता का?’ ‘नाही’वर खूण केली की विषय संपला. आत्या, वडिलांची आई, चुलत बहीण यांची चौकशी कुणी करत नाही. त्याच मांडवात लाळेवरून ‘कॅन्सर जीन टेस्ट’ करून देणारी सवलतीची पॅकेजेस मात्र दिसू लागली आहेत. म्हणजे फुकटचा प्रश्न अर्धवट विचारायचा आणि विकतची तपासणी घाईने गळ्यात मारायची.

स्तनाचा आणि बीजकोशाचा (ओव्हरीचा) आनुवंशिक कर्करोग बहुतेकदा बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांतल्या दोषांमुळे होतो. बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे आणि बीआरसीए-२ हे १३ व्या. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्याच्या जागेचा माग १९९० साली लावला. प्रत्यक्ष जनुक १९९४ मध्ये हाती लागले आणि दुसरे त्याच्या पुढच्या वर्षी. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी यातल्या एकाचाही संबंध नाही. त्यामुळे दोष आईकडून येण्याची शक्यता जितकी, तितकीच वडिलांकडून. दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वडील स्वतः बहुधा ठणठणीत राहतात: बीआरसीए-२ चा दोष असलेल्या शंभर पुरुषांत स्तनाचा कर्करोग जेमतेम सहा-सात जणांना होतो, बीआरसीए-१ मध्ये त्याहूनही कमी. एखाद्या पिढीत मुलगेच असले, तर दोष तिथे दिसतच नाही. मग पुढच्या पिढीतल्या मुलीला पस्तिशीत गाठ लागते आणि घरातले म्हणतात, आमच्याकडे तर कुणालाच नव्हतं. म्हणून वडिलांकडच्या पुरुषांचा प्रोस्टेटचा आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांचा स्वादुपिंडाचा कर्करोगही विचारायचा असतो.

‘तिला बीआरसीए आहे’ असे सर्रास बोलले जाते. ही जनुके सगळ्यांकडेच असतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते बिनचूक सांधणे हे त्यांचे काम. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. जन्मतः एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. पुढे स्तनाच्या किंवा बीजकोशाच्या एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली, की तुटलेले धागे चुकीचे जोडले जाऊ लागतात आणि चुका साठत जातात. ही दुसरी घटना प्रत्येकीत घडेलच असे नाही, म्हणूनच एकाच घरातल्या दोन बहिणींत दोष सारखा असून आजार एकीलाच होतो.

आकडे नीट वाचावेत. स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांत आनुवंशिक दोषामुळे झालेले साधारण पाच ते दहा. पण ज्या स्त्रीत दोष आहे, तिच्यासाठी हिशेब वेगळा. सुमारे १० हजार वाहक (म्हणजे सदोष प्रत असलेल्या) स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वयाच्या ८० पर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. बीजकोशाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. बीआरसीए-१ चा धोका तिशीतच झपाट्याने चढतो, बीआरसीए-२ चा साधारण चाळिशीत. धोका वाढवणारी इतर जनुकेही आहेत: पीएएलबी-२ मध्ये स्तनाचा धोका ५० टक्क्यांच्या आसपास, तर सीएचईके-२ आणि एटीएममध्ये साधारण २० ते ३० टक्के. रिपोर्टवर या सगळ्यांपुढे ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द येतो आणि घरात रडारड सुरू होते. पॉझिटिव्ह कोणत्या जनुकात, हे आधी विचारा. टीपी-५३ या जनुकातला दोष दुर्मीळ पण वेगळ्याच गटातला; तिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला, तर त्याचा विचार करावाच लागतो आणि त्यात किरणोत्सर्ग शक्य तितका टाळायचा असल्याने पाळतीसाठी मॅमोग्राफीऐवजी एमआरआयवर भर असतो.

आता घरी करायचे काम. कोरा कागद आडवा घ्या आणि तीन पिढ्या मांडा: दोन्हीकडचे आजी-आजोबा, त्यांची सगळी मुले, मग नातवंडे. कर्करोग झालेल्या प्रत्येकापुढे कोणता अवयव, कोणत्या वर्षी आणि त्या वेळचे वय लिहा. वय सगळ्यात महत्त्वाचे. ७८ व्या वर्षी झालेला आणि ३६ व्या वर्षी झालेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंता होतो तो जुन्या पिढीच्या बोलण्यात. ‘पिशवी काढली’ म्हणजे नुसते गर्भाशय काढले की बीजकोशही, हे त्या वाक्यातून कळत नाही. बीजकोश तरुणपणीच काढले गेले असतील, तर त्या बाईचा कर्करोगाचा धोका आपोआप कमी झालेला असतो आणि कुटुंबाचे चित्र फसवे दिसते. ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ हे वर्णन बीजकोशाच्या कर्करोगाचे असू शकते. माळ्यावरच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड किंवा बायोप्सीचा कागद असेल तर तो काढा. दहा जणांच्या आठवणींपेक्षा तो एक कागद भारी.

तपासणी कोणाची करायची, यावरच बहुतेक पैसे वाया जातात. पहिली तपासणी आजार झालेल्या व्यक्तीची. तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांत नेमका तोच शोधायचा. ही तपासणी स्वस्त असते आणि तिचे उत्तर स्वच्छ येते. आजारी मावशी हयात असताना निरोगी भाचीने परस्पर पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) करून घेतले आणि ते निगेटिव्ह आले, तर त्यातून फारसे काही ठरत नाही. कुटुंबात दोषच नाही, की आहे पण भाचीत उतरला नाही, की तो या चाचणीत पकडला न जाणारा आहे? उत्तर मिळत नाही, आणि भाची मात्र निर्धास्त होते.

आधी समुपदेशन, मग जांभळ्या झाकणाच्या नळीत तीन-चार मिली रक्त आणि रिपोर्ट साधारण तीन-चार आठवड्यांत, असा क्रम असतो. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर जनुकातली अक्षरे ओळीने वाचणाऱ्या साध्या क्रमवाचनात तो निसटू शकतो. म्हणून जनुकाचे तुकडे गळाले किंवा दुप्पट झाले आहेत का हे त्याच चाचणीत तपासले जाते, की त्यासाठीची एमएलपीए ही चाचणी वेगळी करावी लागेल, हे लॅबला आधीच विचारा. रुग्णाचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाले असेल, तर रक्तात दात्याचा डीएनए दिसतो. अशा वेळी त्वचेचा नमुना लागतो. गाठीच्या तुकड्यावर केलेली जनुकचाचणी ही वेगळी चाचणी. तिथे दिसलेला दोष जन्मजात आहे की फक्त गाठीतला, हे रक्तावरून पक्के करावे लागते.

रिपोर्टमधला तिसरा प्रकार सर्वांत जास्त घोळ घालतो: व्हीयूएस, म्हणजे बदल दिसला आहे पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही. भारतीयांची माहिती जागतिक साठ्यांत तोकडी असल्याने आपल्याकडे हे उत्तर जास्त येते. पुढे यातले बहुसंख्य बदल निरुपद्रवी ठरतात. केवळ व्हीयूएसवरून स्तन किंवा बीजकोश काढायचे नसतात आणि बहिणींची तपासणीही करायची नसते. दर वर्षा-दोन वर्षांनी लॅबला विचारावे, वर्गीकरण बदलले का.

लाळेच्या स्वस्त किटांतून बऱ्याचदा जनुकातल्या ठरावीक जागाच बघितल्या जातात. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेली अशी एक घरगुती चाचणी बीआरसीएतले फक्त तीन बदल तपासत होती आणि तेही प्रामुख्याने अश्केनाझी (मध्य-पूर्व युरोपातल्या) ज्यू समाजात आढळणारे. कळव्याच्या किंवा कोपरखैरण्याच्या बाईला त्यातल्या ‘निगेटिव्ह’चा दिलासा किती? शेकडो बारीक बदलांची बेरीज करून दिला जाणारा ‘रिस्क स्कोअर’ही जपून घ्यावा. २०१९ मधला, ३१३ बदलांचा बहुचर्चित स्कोअर युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेला आहे. तो आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

बीआरसीएचा दोष सापडल्यावर करण्यासारखे बरेच असते. पंचविशीपासून दर वर्षी स्तनांचा एमआरआय, तोही पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत, नाहीतर संप्रेरकांमुळे नको तिथे छाया दिसतात. तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी. बीजकोशाचा कर्करोग वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुले झाल्यावर बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात बीजकोश आणि बीजवाहक नळ्या काढण्याचा सल्ला दिला जातो. काढलेल्या नळ्या संपूर्ण, बारीक काप करून तपासायला सांगा, कारण हा कर्करोग पुष्कळदा नळीच्या झालरीपाशीच सुरू होतो. ज्यांना आजार झालाच आहे, त्यांनाही ओलापॅरिबसारखी औषधे लागू पडतात का, हे याच रिपोर्टवरून कळते.

‘मुलीचं लग्न व्हायचंय, आत्ता नको’ हा नेहमीचा अडसर. लपवल्याने दोष जात नाही, फक्त पाळतीची वर्षे जातात. अठरा पूर्ण होण्याआधी मात्र ही बीआरसीए तपासणी करू नये. मामेबहीण-आतेभावाचे लग्न ठरत असेल आणि घरात बीआरसीए-२ चा दोष माहीत असेल, तर दोघांनीही आधी तपासून घ्यावे: दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला फॅन्कोनी अॅनिमिया या रक्ताच्या गंभीर आनुवंशिक आजाराचा धोका चारात एक. विम्याची भीतीही असते. केवळ आनुवंशिक आजार म्हणून दावा सरसकट नाकारण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. पण तो दाव्यांपुरता. विमा घेताना अर्जातला प्रश्न नीट वाचावा आणि खरे उत्तर द्यावे.

शिबिराच्या आयोजकांनी आणि ठाणे, नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांच्या आरोग्य विभागांनी अर्जात चार ओळी वाढवाव्यात: वडिलांकडे कुणाला; कोणत्या वयात; बीजकोश, प्रोस्टेट, स्वादुपिंड किंवा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग कुणाला; आणि त्या व्यक्तीची जनुकतपासणी झाली आहे का. उत्तरांत संशय आला, तर किट पुढे करण्याऐवजी त्या कुटुंबाला समुपदेशकाकडे धाडावे. खारघरला अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग जनुकशास्त्राचे काम चालते, म्हणजे ठाणेकरांना परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतही जावे लागू नये. जाताना आजारी नातेवाइकाच्या जनुकरिपोर्टची पूर्ण प्रत सोबत हवी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ असेल तर लॅबला काही शोधता येत नाही; बदलाचे अक्षर-आकड्यांचे पूर्ण नाव त्या प्रतीवरच असते.

— एक जनुकीय समुपदेशक, ठाणे (प.)