ताई, गुडघ्याचे पॅड परत पाठवतेय

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. फ्रान्समधल्या मोर्झिनहून निघताना मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही "अगं, फ्रीजमध्ये काही राहिलं का बघ" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता लिहून काढते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आल्प्समध्ये माउंटन बायकिंगला जायचं मनात असलेले आपल्याकडे बरेच जण आहेत. त्या सगळ्यांना तुमच्यासारखं कुणी भेटेलच असं नाही. तुम्ही आम्हाला काय काय विचारलंत, ते निदान त्यांच्यापर्यंत पोचावं.

पहिला फोन फेब्रुवारीतला. मावसबहिणीने तुमचा नंबर दिला होता, "जिनिव्हात असते, दर उन्हाळ्यात डोंगरात सायकल घेऊन जाते," एवढ्याच ओळखीवर. मी आमचा बेत एका दमात सांगितला. दहा दिवसांत शामोनी, झरमॅट, मग इटलीतलं लिविन्यो आणि जमलंच तर समुद्राकाठचं फिनाले. नकाशावर सगळं वीतभर अंतरावर दिसत होतं. तुम्ही मधे एकदाही न तोडता ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "यातले सायकलवर किती दिवस आणि गाडीत किती?" फोन चालू ठेवूनच मी बोटांवर मोजलं. जवळजवळ चार दिवस घाटरस्त्यांवर गाडीतच जाणार होते. शामोनीच्या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच पायवाटांवर सायकलींना बंदी असते, पायी चालणाऱ्यांची गर्दी असते म्हणून, हेही त्याच फोनवर कळलं. आम्ही जुलैतच तिथे जाणार होतो!

"एक गाव धरा आणि तिथेच राहा," तुम्ही म्हणालात. ते गाव म्हणजे मोर्झिन.

तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं, खरं सांगते. इतक्या लांब जायचं, इतका खर्च करायचा, आणि एकच गाव? पण पोर्त द्यू सोलेय म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. लेमां म्हणजे जिनिव्हाचं सरोवर आणि माँ ब्लां शिखर यांच्या मधली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधली बारा गावं, बहुतेक एकमेकांना लिफ्टने जोडलेली. हिवाळ्यात स्कीइंगला चालणाऱ्या त्यातल्याच काही लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर नेतात. मोर्झिनमधून उठायचं, प्लेनीच्या लिफ्टमध्ये सायकल ठेवायची, पलीकडच्या ले जे गावात उतरायचं. दुसऱ्या दिवशी अव्होरियाला, तिथून शातेलला. अव्होरिया १८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच, आणि तिथे लोक राहतात, मुलं आइस्क्रीम खात फिरतात. एका आठवड्यात आमची एकही वाट पुरती शिकून झाली नाही. बाकीची गावं त्या नकाशावर अजून तशीच आहेत. त्यांची मला आता घाई वाटत नाही.

दुसऱ्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न: "ब्रेक किती बोटांनी लावता?"

आम्ही चौघेही पुण्याच्या वेताळ टेकडीवर सायकल शिकलेलो. मुरूम, सुटे दगड, काटे. सगळे मूठ आवळून ब्रेक लावणारे. तुम्ही हिशोब मांडलात. मोर्झिन साधारण हजार मीटरवर, प्लेनीचा माथा दीड हजारावर. म्हणजे एका फेरीत पाचशे मीटर उतार. लिफ्ट आहे म्हणून दिवसात आठ-दहा फेऱ्या सहज होतात. आपल्याकडे महिनाभर चढून-उतरून जेवढा उतार वाट्याला येतो, तेवढा तिथे एका दिवसात हातांवरून जातो. छाती-पाय दमत नाहीत, मनगटं आणि कोपरापर्यंतचे हात संपतात. मुठी उघडेनाशा होतात. म्हणून एक बोट, तर्जनी, आणि बाकीच्या तीन बोटांनी हँडल. हे फेब्रुवारीत सांगितलंत, कारण सवय बदलायला तीन महिने लागतात हे तुम्हाला माहीत होतं.

आणि मग ती गोष्ट, जी इतर कुणीही सांगितली नसती. आमच्या सायकलींना उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आहे. तिथे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींना बहुतेक डावा पुढचा. "घाबरल्यावर हात विचार करत नाही, सवयीचाच ब्रेक दाबतो. त्या क्षणी चुकीचं चाक धरलं गेलं तर सायकलवरून पुढे फेकली जाशील," असं म्हणालात. दुसऱ्याच दिवशी आम्ही चारही सायकली घेऊन कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी केबली अदलाबदल करून दिल्या. पहिला आठवडा विचित्र गेला, माझा भाऊ तर दोनदा गेटवर आदळता आदळता राहिला. मेपर्यंत आमचे हात नव्याने शिकले होते.

मुळांचंही तसंच. आपल्या सह्याद्रीत वाटेवर दगड असतो, झाडांची मुळं फारशी नसतात. तिथे स्प्रूसच्या, फरच्या जंगलात वाटेवर मुळांचं जाळं असतं, आणि पाऊस पडून गेला की ती साबणासारखी होतात. "मुळावर ब्रेक नाही, वळणही नाही. आधी वेग कमी कर, काटकोनात पार कर, मग वळ." सरावाला मुळं कुठून आणायची? तुम्हीच सुचवलंत: बांबू. एप्रिलमध्ये रोज सकाळी सहाला सोसायटीच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर आम्ही सहा बांबू आडवे टाकायचो, वर बादलीभर साबणाचं पाणी, आणि आळीपाळीने त्यावरून जायचो. वॉचमनदादा खुर्ची टाकून बसायचे. जुलैत ले जेच्या जंगलात पहिलं ओलं मूळ चाकाखाली आलं, तेव्हा मला खरोखर त्या बांबूचा आवाज ऐकू आला.

व्हिसाबद्दल थोडक्यात लिहिते, पण लिहितेच, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. विमान जिनिव्हाला उतरणार म्हणून मी स्वित्झर्लंडचा अर्ज भरायला घेतला होता. तुम्ही थांबवलंत. शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे करायचा. आमच्या सगळ्या रात्री मोर्झिनमध्ये, म्हणजे फ्रान्सकडे. उतरायचं कुठेही असो. आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर उगाच मेपर्यंत थांबायचं नाही.

विम्याचं मात्र सविस्तर. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो आम्ही घेतला आणि काम झालं असं समजलो. तुम्ही म्हणालात, "पॉलिसीतलं 'यात समाविष्ट नाही' असं पान काढ आणि मला मोठ्याने वाचून दाखव." रात्री साडेअकराला मी ते बारीक अक्षरातलं पान तुम्हाला फोनवर वाचून दाखवत होते. चौथ्या ओळीत साहसी खेळ आले. म्हणजे रस्त्यात पाय मुरगळला तर पैसे मिळणार, सायकलवरून पडलो तर नाही, आणि आम्ही तर सायकलसाठीच निघालो होतो. डोंगरात सायकल चालवणं स्पष्ट शब्दांत लिहिलेली पॉलिसी घ्या, उंचीची मर्यादा बघा, वाटेवरून खाली उचलून आणण्याचा खर्च त्यात आहे का ते विचारा. ती दुसरी पॉलिसी महाग होती. नवऱ्याची आणि माझी त्यावरून थोडी वादावादीही झाली. घेतली शेवटी.

चौथ्या दिवशी दुपारी तिचीच गरज पडली.

तुम्ही बजावलं होतं, "शेवटची फेरी" असं कुणी म्हणायचं नाही. मला वाटलं श्रद्धेची गोष्ट असेल. तुम्ही कारण सांगितलं होतं: ती फेरी मनाला हवी असते, हातांना नको असते. त्या दिवशी साडेचारला भावानेच म्हटलं, "ताई, एक शेवटची." आणि मी हो म्हटलं. प्लेनीच्या उतारावर, ब्रेक मारून मारून जमीन जिथे पन्हळी पत्र्यासारखी उंचसखल होते तिथे, त्याचा हात हँडलवरून सुटला. डाव्या खांद्यावर पडला. मी मागेच होते. तो उठून बसला आणि उजव्या हाताने डावा हात पोटाशी धरून राहिला, हनुवटी खाली, काहीच बोलेना. मी त्याला शाळेत झाडावरून पडलेला पाहिलाय, तसाच चेहरा.

अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. पण आमच्या चौघांच्याही फोनच्या मागे तुमच्या सांगण्यावरून चिकटवलेला कागद होता. एक, वरून येणाऱ्यांना थांबवा, सायकल वाटेच्या वरच्या बाजूला उभी करा. दोन, ११२. तीन, वाटेचं नाव आणि शेवटचा फलक कोणता दिसला ते सांगा (प्रत्येक वाट सुरू करताना फलकाचा फोटो काढायची सवय तुम्हीच लावली होती). चार, हेल्मेट काढू नका. मी वरून खाली वाचत गेले आणि तसं करत गेले. मदत आली, त्याला खाली नेलं, एक्स-रे झाला. कॉलरबोन मोडलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, गळ्यात झोळी आणि सहा आठवडे विश्रांती.

तुम्हाला मी फक्त मेसेज केला होता. दीड तासात तुम्ही दारात उभ्या होतात, हातात मुगाच्या खिचडीचा डबा, वर मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली. डबा टेबलावर ठेवून तुम्ही आधी आईला फोन लावलात. मला धीर होत नव्हता ते करायला. "काकू, मी जिनिव्हाची ताई बोलतेय. मुलाला लागलंय, पण तो माझ्यासमोर बसून खिचडी खातोय. घ्या, बोला त्याच्याशी." आईने नंतर मला सांगितलं, त्या "खिचडी खातोय"ने तिचा जीव भांड्यात पडला.

पाचवा दिवस विश्रांतीचा तुम्ही आधीच ठरवून ठेवला होतात. सहावा शनिवार होता. आम्ही तिघं भावाजवळ बसून राहणार होतो. तुम्ही परत आलात आणि आम्हाला घराबाहेर काढलंत. "तो कंटाळलाय तुमच्या चेहऱ्यांना. मी बसते. तुम्ही सरहद्दीवरच्या मोसेतच्या माथ्यावर जाऊन या." माझ्या हँडलवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर स्विस बाजूच्या शेवटच्या लिफ्टची वेळ तुमच्या अक्षरात लिहिलीत, कारण ती चुकली तर सगळ्या डोंगराला वळसा घालून टॅक्सीने यावं लागतं.

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. लिंदारेच्या वस्तीत बकऱ्या भर रस्त्यात बसलेल्या, एक तर आमच्या मैत्रिणीचा हातमोजाच चघळत होती. तिथून लिफ्टने मोसेतचा माथा, २२७७ मीटर. एक पाऊल फ्रान्समध्ये, एक स्वित्झर्लंडमध्ये. समोर दां द्यू मिदीची कडा, सातही सुळके उघडे. फोन लगेच स्विस नेटवर्कवर गेला आणि मला तुमचं वाक्य आठवलं, युरोपियन युनियनचं रोमिंग इथे चालत नाही, डेटा बंद कर. बंद केला आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. खाली शांपेरीला पोचलो, तिथली काळी, म्हणजे सगळ्यात अवघड, वाट फक्त चालत बघा असं सांगितलं होतंत, ती चालत बघितली. २०११ च्या डाउनहिल सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत भर पावसात याच उतारावर ब्रिटनचा डॅनी हार्ट जवळजवळ १२ सेकंदांनी जिंकला होता. चिखलात पाय रोवून उभं राहणंही मला जड जात होतं. पट्टीवरच्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी आम्ही लिफ्टपाशी होतो.

परत आलो तेव्हा तुम्ही दोघं गॅलरीत पत्ते खेळत होतात. तुम्ही त्याच्यासाठी हॉटेलातून तार्तिफ्लेत आणली होती, बटाटा आणि रब्लोशों चीजची, आतले डुकराच्या मांसाचे तुकडे वगळायला सांगून. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं हेही त्याला आधी सांगितलंत, म्हणजे खायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. एवढं कुणी कुणासाठी विचारात घेत नाही, ताई.

भाऊ ठीक आहे. गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर आला होता, सावकाश, एका बोटाने ब्रेक लावत. आमच्या सायकलींचे ब्रेक आम्ही परत बदलले नाहीत. आईने तुमच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणि मेतकूट दिलंय. माझ्या चुलतदिराची बदली जिनिव्हाला झाली आहे, तो पुढच्या महिन्यात निघेल, त्याच्याकडे देते. तुम्ही मला वापरायला दिलेले गुडघ्याचे पॅडही त्याच पिशवीत आहेत. धुतलेत. उजव्या पॅडची खालची शिवण उसवली होती, ती मेकॅनिककाकांच्या शेजारच्या चांभारदादांकडून दुहेरी दोऱ्याने शिवून घेतली आहे. दोरा काळा मिळाला नाही, निळा आहे.

तुमची,
पुण्याची धाकटी बहीण